मले बाई ठेवायची आहे

ओळखीतल्या एका मुलीच्या आईला अर्धांगवायू झाला. ती मुलगी परवा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, घरात बाई कशी ठेवायची ते सांगा. तुम्ही तर इतकी वर्षं ठेवली." मी सांगायला लागले, आणि बोलता बोलता लक्षात आलं की बाई कुठून आणायची ही गोष्ट फार लहान आहे. तिच्या आधी आणि नंतर जे होतं ते मोठं आहे. ते कोणी सांगत नाही, म्हणून लिहून काढते आहे. माझ्या उजव्या हाताच्या बोटांत पेन धरता येतं, हळूहळू लिहिता येतं. औषधांची माहिती यात नाही. ती डॉक्टरांना विचारावी.

माझ्या नवऱ्याचं नाव मनोहर. बोलताना मी कधी नाव घेतलं नाही, पण लिहिताना नावानंच लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ होणार नाही.

चप्पल

मी नागपूरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम. मनोहर पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. तिथल्याच इंदोरा वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मूलबाळ नव्हतं, त्याचं दुःख एव्हाना जुनं झालं होतं. दोघांचे पगार, रविवारी सिनेमा, कधी भांडण, कधी अबोला. चारचौघांसारखं चाललं होतं.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा उन्हाळा. मला दोन-तीन दिवस ताप आला आणि उतरला. अशक्तपणा होता, पण ड्यूटीवर गेले. सुटी झाल्यावर फाटकापर्यंत आले तेव्हा मागून एक मैत्रीण हाका मारत धावत आली. तिच्या हातात माझी चप्पल होती. ती जिन्यापाशीच पायातून निघाली होती. नागपूरचा मे महिना, दुपारची वेळ, आणि मी एका अनवाणी पायानं तापलेल्या डांबरावरून चालत आले होते. मला काहीच कळलं नव्हतं. मैत्रिणीनं पाय उचलून बघितला. तळव्याला फोड आले होते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून पाय खाली सोडता आले नाहीत. दुपारपर्यंत हातांतली ताकद गेली. मनोहर आणि शेजारचे दोघे मिळून मला चादरीत घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी टाचणी घेतली आणि पायापासून टोचत वर यायला लागले. "इथं कळतंय?" "नाही." "इथं?" "नाही." टाचणी पोटावर आली, छातीवर आली. मी बघत होते म्हणून मला कळत होतं की टाचणी कुठं आहे. गळ्याच्या हाडाशी आली तेव्हा मी ओरडले. डॉक्टरांनी तिथं पेनानं एक रेघ काढली.

मग ते मनोहरांना व्हरांड्यात घेऊन गेले. बोलले ते त्यांच्याशी, माझ्याशी नाही. मनोहर परत आले आणि माझ्या अंगावरची चादर नीट करत बसले. ती नीटच होती.

"काय म्हणाले?"

"सूज आहे म्हणे. पाठीच्या मणक्यात जी दोरी असते ना, तिले. उतरन."

"मंग?"

"मंग पाहू."

ट्रंक कॉलवर बोलणाऱ्याचा आवाज ऐकून बातमी कशी आहे ते मला शब्दांच्या आधी कळायचं. इतकी वर्षं तेच ऐकत आले होते. त्या दिवशीही कळलं.

वॉर्ड

दवाखान्यातले महिने मला सलग आठवत नाहीत. सकाळी फरशी पुसल्याचा फिनेलचा वास, मग डॉक्टरांची फेरी, मग भेटीची वेळ, आणि मध्ये नुसतं छत. दर थोड्या वेळानं कूस बदलावी लागे. नाही तर पाठीला जखमा होतात. नर्स एक आणि खाटा गच्च भरलेल्या, त्यामुळे बहुतेक वेळा मनोहरच बदलायचे. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नसत. त्यांनी मोठ्या सिस्टरना कसं मनवलं कुणास ठाऊक, पण त्या त्यांना दिवसभर थांबू द्यायला लागल्या.

भीती होती. पण ती लोकांना वाटते तशी मरणाची नव्हती. डास चावला तर, केस तोंडावर आले तर, पाणी श्वासनलिकेत गेलं तर, अशी लहान लहान भीती. दिवसभर ती बदलत राहायची.

शेजारच्या खाटेवर पारशिवनीकडची एक म्हातारी होती. तिचा पाय मोडला होता. माझा आवाज त्या दिवसांत फार बारीक झाला होता, छातीत जोरच नव्हता. मी पुटपुटले की ती म्हातारी तिच्या खाटेवरून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडायची, "ओ सिस्टरबाई, हिले पाणी पाहिजे वं!" तिला सुटी मिळाली त्या दिवशी मी रडले. स्वतःच्या आजारासाठी तोवर रडले नव्हते.

हळूहळू उजवा हात थोडा परत आला. आवाज परत आला. तेवढंच. पाय आले नाहीत. "आता घरी न्या," डॉक्टर म्हणाले.

देवमाणूस

घरी आल्यावर मनोहरांनी सगळं हातात घेतलं. मला उठवणं, आंघोळ, कपडे, जेवण भरवणं, संडासचं भांडं, वेणीफणी. दवाखान्यात सिस्टरांचं बघून शिकले होते आणि चांगलं शिकले होते. पहाटे उठून माझं सगळं आवरून ऑफिसला जायचे. दुपारी जेवणाच्या सुटीत सायकलनं घरी यायचे, कूस बदलून, भरवून परत जायचे. मधल्या वेळात शेजारची बाई डोकावून जायची. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. माझ्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टरांनाही नवल वाटायचं.

लोक त्यांना बघायला यायचे. मला बघायला येत होते असं मला आधी वाटायचं. पण येणारा खुर्चीवर बसला की बोलायचा त्यांच्याशीच. "धन्य आहे गा तुझी. आजकाल कोण करते बायकोचं एवढं?" माझी मोठी नणंद, आक्का, जवळच्याच जरीपटक्याहून दर आठवड्याला यायची. ती माझ्या खाटेपाशी बसून डोळे पुसायची. "देवमाणूस भेटला वं तुले, शशी. देवमाणूस." ते खरंच होतं. म्हणूनच मला त्यावर काही बोलता येत नव्हतं.

जे कोणाला दिसत नव्हतं ते सांगते. मनोहर जेवायचे उभ्यानं. रेडिओ लावायचे नाहीत, कारण मी झोपलेली असेन. माझ्यावर चिडायचे नाहीत, कधीच नाहीत. मी मुद्दाम एकदा त्यांनी भरवलेला घास थुंकून टाकला. त्यांनी माझं तोंड पुसलं आणि दुसरा घास केला. आणि मला आंघोळ घालताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत. हात नेमका जिथं जायला हवा तिथं जायचा, आणि नजर भिंतीवर. सिस्टर लोक असंच करतात. त्यातला सभ्यपणा मला कळत होता. पण माझं लग्न सिस्टरशी झालेलं नव्हतं.

बोरकर

त्यांच्या ऑफिसातले बोरकर एकदा घरी आले. मनोहर चहा करायला आत गेले होते. बोरकर बोलायला विषय नसल्यासारखे म्हणाले, "वहिनी, भाऊनं साइट सोडली हे बरं नाई केलं. पेंचचं धरण काय रोज रोज बांधतात का? साहेबानं दोनदा विचारलं याले."

मला यातलं काही माहीत नव्हतं. पारशिवनीच्या पुढं धरणाचं काम चाललं होतं हे ठाऊक होतं. आजाराच्या आधी मनोहर रोज त्याबद्दल बोलायचे. नकाशाच्या पाठकोऱ्या कागदावर मला भिंतीचा छेद काढून दाखवायचे, मी कंटाळायचे. आजारानंतर त्यांनी धरणाचं नावही काढलं नव्हतं. मला वाटलं होतं ते विसरले.

बोरकर गेल्यावर मी विचारलं, "साइट काहून सोडली?"

"त्यात काय. तिकडे राहावं लागते."

"मले नाई सांगितलं."

"तुले सांगून काय करायचं होतं? उगाच जिवाले लावून घेतलं असतं."

मी म्हणाले, "मले बाई ठेवायची आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. कामाला बाई होतीच, धुणंभांडी करून जायची. मी म्हणाले, "माझं करायले. आंघोळीले, उठवायले, सगळ्याले."

ते माझ्याकडे बघत राहिले. "माझ्यात काय कमी पडलं?"

"काही नाई."

"मंग?"

मी म्हणाले, "तुम्ही माझे नवरे आहात." त्यांनी कपबशा उचलल्या आणि आत नेल्या. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आक्काला कळलं तेव्हा ती तडक आली. "परक्या बाईच्या हाती आंग देशील? भाऊ करून राहिला ना सगळं! लोक काय म्हणतील, थकला म्हणतील." मी म्हणाले, "थकलेच आहेत, आक्का." ती म्हणाली, मग नात्यातली एखादी मुलगी आणते गावाकडून. मी नको म्हणाले. नात्यातल्या माणसाला चूक सांगता येत नाही आणि कामावरून काढता येत नाही. ज्यांना बाई ठेवायची आहे त्यांनी एवढं तरी ऐकावं.

आलेल्या बायका

दूधवाल्याला, रेशनच्या दुकानात, दवाखान्यातल्या आयांना निरोप दिले. बायका यायला लागल्या.

पहिली मनोहरांशी बोलली. "पेशंट काय खाते? पेशंट झोपते का?" मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर पडलेली होते. मी म्हणाले, "पेशंटले विचारा." ती दचकली, आणि पुन्हा मनोहरांकडे बघून म्हणाली, "बोलते का ती?"

दुसरी दारात आली, चप्पल काढली, आणि समोरच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर तिला दिसली. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातले. मी तेव्हा शाळेत होते. ती बाई बसलीसुद्धा नाही. "घर दूर पडते मले," म्हणाली आणि चप्पल घालून गेली. ती राहायची पलीकडच्याच गल्लीत.

तिसरी कामाला लागली. हातानं वाईट नव्हती, पण मला बाळ करून टाकलं. "आ करा बरं, आ! शाब्बास!" शेजारणीला सांगायची, "आज आमच्या बाळानं दोन पोळ्या खाल्ल्या." मी तिला दोनदा सांगितलं की मी बत्तीस वर्षांची बाई आहे. ती हसली आणि गालाला हात लावून म्हणाली, "लाडात आली." मी तिला काढलं. घरातून कोणाला काढून टाकण्याची ती माझी पहिलीच वेळ. खाटेवर पडून काढायचं होतं, म्हणून ते अवघड गेलं. मनोहर त्या संध्याकाळी आपल्या हातानं भरवायला बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी निवांतपणा दिसला. "पाहिलं?" म्हणाले.

चौथी देवकाबाई. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. रामटेकजवळच्या गावची, शेतकरी घरातली. नवरा गावी शेती बघायचा, ही नागपुरात मुलाकडे राहायला आली होती आणि सुनेशी पटत नसल्यामुळे दिवसभर घराबाहेर राहायचं काम शोधत होती. हे तिनं स्वतःच सांगितलं. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. ती सरळ खाटेपाशी आली आणि मला म्हणाली, "काय होते तुमच्यानं अन् काय होत नाई, ते सांगा."

मी सांगितलं. तिनं मान हलवत ऐकलं. सासू कित्येक वर्षं अंथरुणाला होती, तिचं सगळं हिनंच केलं होतं. मग तिनं भिंतीकडे बघितलं.

"तुम्ही बौद्ध?"

"हो."

"आमच्या लोकायले कळलं तं बोलतील. पण मले काम पाहिजे. करीन मी. फक्त पाणी माझं मी घरून आणीन."

मनोहर दारात उभे होते. ते म्हणाले, "नको. जा तुम्ही." इतक्या कोरड्या आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मला राग आला होता, पण मी हिशेबही करत होते. ही बाई धडधाकट होती, माझ्याशी बोलत होती, आणि जे मनात होतं ते तोंडावर बोलली होती. घर दूर पडतं म्हणणारीपेक्षा ही बरी. मी म्हणाले, "देवकाबाई, तुम्ही माझी घाण काढाल, मले आंघोळ घालाल. अन् माझ्या माठातलं पाणी नाई प्याल. मी रोज ते पाहत पडून राहू का? नाई जमणार मले. इथं काम करायचं तं इथलं पाणी प्या. नाई तं राहू द्या."

ती गेली. मला वाटलं, संपलं. आता बाई मिळायची नाही.

तीन-चार दिवसांनी देवकाबाई परत आली. आत येऊन माठाकडे गेली, पेला बुडवला, उभ्यानंच गटागटा प्यायली आणि पदरानं तोंड पुसलं. "दुसरीकडे नाई भेटलं काम," म्हणाली. "कधीपासून येऊ?"

तिचं मन वगैरे बदललं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि आजही मी तसं म्हणत नाही. तिला काम हवं होतं, मला हात हवे होते. सुरुवात तेवढ्यावर झाली.

तोंडानं काम

बाई ठेवली की आपण मोकळे होतो असं लोकांना वाटतं. तसं नाही, आपल्याला नवीन काम लागतं. सांगायचं काम. मनोहरांना काही सांगावं लागत नसे, ते आधीच ओळखायचे. देवकाबाईला प्रत्येक गोष्ट सांगावी लागे. "आधी डावा खांदा. आता कमरेखाली हात. थांबा. मी म्हणेन तेव्हा." एक्स्चेंजमध्ये आठ-आठ तास मी हेच करत होते, स्पष्ट आणि थोडक्यात बोलणं. ते इथं उपयोगी पडलं. आपल्या शरीराबद्दल असं मोठ्यानं, लाज सोडून बोलायला मला वेळ लागला. पण एकदा ते जमलं तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हे शरीर माझं आहे, मी ते चालवते आहे. हात फक्त दुसऱ्याचे आहेत.

देवकाबाई ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. वाद घालायची. खर्रा सोडायला तयार नव्हती, मी वासाची तक्रार केली तर म्हणायची, "मंग नाक दुसरीकडे करा." रामटेकला यात्रा असली की न सांगता दोन दिवस गायब. एकदा मला खाटेवरून खुर्चीत घेताना तिचा पाय घसरला आणि आम्ही दोघी जमिनीवर. माझं डोकं तिच्या पोटावर. ती खालून म्हणाली, "जिवंत आहे का, ताई?" मी म्हणाले, "हाव. तुम्ही?" शेजारीण येईपर्यंत आम्ही तशाच पडून हसत होतो. ते मनोहरांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं. शेजारणीनं सांगितलं.

मनोहर घरी असले की तिच्यामागं उभे राहायचे. "असं नाही, मान धरा. उशी खाली घ्या. पाणी आधी हातावर घेऊन पाहा." ते चुकीचं नव्हतं. तिची पद्धतही चुकीची नव्हती. पण एका सकाळी ती माझी उजवी बाजू उचलत होती आणि त्यांनी मध्येच डावी बाजू उचलली. मानेत कळ येऊन मी मधोमध कळवळले. देवकाबाईनं मला हळू खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, एक तं तुम्ही करा, नाई तं मी करते. दोघं मिळून ताईले फाडून राहिलो आपण."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. ठरवायचं मला होतं.

मी मनोहरांना म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा."

आजारपणात मी बोललेलं सगळ्यात अवघड वाक्य हे. ज्या माणसानं माझ्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही, त्याला मी खोलीच्या बाहेर काढत होते. ते गेले. अंगणातल्या ओट्यावर बसले. देवकाबाईनं माझी आंघोळ, कपडे, केस सगळं केलं, आणि तेवढा वेळ खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. ते नुसते बसले होते. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

पुढचे बरेच दिवस ते कामापुरतं बोलले. आक्का म्हणाली, "दुखवलं तू त्याले." मी नाही म्हणाले नाही.

मग पावसाळा संपल्यावर एके दिवशी ऑफिसातून आले, खुर्ची ओढून बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "साहेब पुन्हा विचारून राहिले. साइटचं."

"मंग?"

"आठवडाभर तिकडे राहावं लागन. शनिवारी येता येईन."

"जा ना मंग."

"जमन तुले?"

"देवकाबाई राहते म्हणाली आहे रात्रीची. सुनेचं तोंड पाहण्यापेक्षा बरं म्हणते."

ते गेले. पहिल्या आठवड्यात मला झोप लागली नाही. दुसऱ्यात लागली. शनिवारी संध्याकाळी ते धुळीनं माखलेले यायचे, मातीच्या रंगाचे कपडे, उन्हानं काळवंडलेलं तोंड. आणि बोलायचे. यंत्रं, नदी, मजुरांची भांडणं, कोणत्या साहेबानं काय मूर्खपणा केला. मला पुन्हा कंटाळा यायला लागला. मी तो दाखवायचे नाही.

दार

आता शेवटची एक गोष्ट सांगते आणि थांबते.

तोवर आम्हाला एक चाकांची खुर्ची मिळाली होती, जुनी, लोखंडी, जड. पण तिच्यात बसून मी घराबाहेर जाऊ शकत नव्हते, कारण दाराला उंच उंबरठा आणि खाली दोन पायऱ्या होत्या. देवकाबाई म्हणाली, तिच्या ओळखीचा एक मिस्त्री आहे. मी म्हणाले, बोलवा. सोमवारी मिस्त्री आला. त्यानं उंबरठा काढला, पायऱ्या फोडल्या आणि विटा-सिमेंटचा उतार करून दिला. शुक्रवारपर्यंत काम झालं. मनोहरांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. दार मला हवं होतं, म्हणून मी करून घेतलं.

शनिवारी ते आले आणि फाटकातच थांबले. मी दारात खुर्चीत बसले होते, त्यांना दाखवायला.

"हे काय आहे?"

"उतार."

"कोणी केला?"

"मिस्त्रीनं. देवकाबाईच्या ओळखीचा आहे."

ते खाली वाकले, उताराकडे बाजूनं बघितलं, मग उभे राहिले आणि ओरडले, "याले उतार म्हणतात? ही घसरगुंडी आहे! एवढा उभा उतार कोणी करते का? खुर्ची सुटली तं सरळ रस्त्यावर जाशील तू, ट्रकखाली! मी काय मेलो होतो का? आयुष्यभर मी हेच काम करून राहिलो, अन् माझ्या घराचा उतार कोण करते तं देवकाबाईचा मिस्त्री!"

"तुम्ही होते कुठं?" मी पण ओरडले. "शनिवारची वाट पाहत बसू मी? दार मले लागते, तुम्हाले नाई!"

"विचारता येत नव्हतं? एक शब्द?"

"तुम्ही विचारलं होतं मले? साइट सोडली तेव्हा?"

"ते वेगळं होतं!"

"काहून वेगळं?"

शेजारचे लोक दारात आले. आक्का नेमकी आत बसलेली होती, ती "अगं बाई, अगं बाई, आजारी माणूस आहे ती" करत मध्ये आली. मनोहर तिच्यावर खेकसले, "आजारी कशाची? डोकं पाहा तिचं, किती चालते!" देवकाबाई चहाचे कप घेऊन आली, आमच्याकडे बघितलं आणि कप तसेच घेऊन परत फिरली. "होऊ द्या तुमचं," म्हणाली.

मनोहर माझ्यासमोर उभे होते, मान पुढं काढून, धुळीनं भरलेले, डोळे लाल झालेले, आणि माझ्या तोंडाकडे बघून बोलत होते. माझ्याकडे. मी तेच पुन्हा ओरडले. ते पण ओरडले. मधल्या सगळ्या काळात आम्ही एकदाही भांडलो नव्हतो, हे मला तेव्हा, भांडता भांडता, लक्षात आलं. मी आवाज आणखी चढवला.

रविवारी त्यांनी तो उतार घणानं फोडला आणि स्वतः नवीन केला, लांब आणि इतका सपाट की अर्धं अंगण त्यातच गेलं. माझा मोगरा गेला, जाईचा वेल गेला. त्यावरून पुन्हा भांडण झालं.